धुतलेला कापूस

आमच्या घरात दोन दिवस एका जागी पडून राहिलेली वस्तू तिसऱ्या दिवशी दोरीवर वाळताना सापडायची. सासूबाई आल्यापासूनची ही गोष्ट. त्यांचं सगळं आयुष्य एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात गेलं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, बाळांची दुपटी. त्या निवृत्त झाल्या, हात काही झाले नाहीत. माझ्या दुर्बिणीचा पट्टा त्यांनी धुतला, नवऱ्याचे ग्रीसने माखलेले हातमोजे धुतले, आणि एकदा आमच्या डॉक्टरीणबाई चहाला आल्या असताना खुर्चीवर विसरून गेल्या ती टोपीही धुतली. टोपी आटली. डॉक्टरीणबाई ती तशीच डोक्याच्या टोकावर ठेवून हिंडतात आणि कुणी विचारलंच तर सांगतात, "डोकं वाढलंय माझं."

माझी बाळंतपणाची रजा संपली तेव्हा सासूबाई पलीकडच्या किनाऱ्यावरचं आपलं घर बंद करून आमच्याकडे बेटावर आल्या. नवरा बोटीवर इंजिन सांभाळतो. एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. त्यामुळे घरात बहुतेक वेळा आम्ही तिघीच. सासूबाई, मी आणि ठकी. लेकीचं खरं नाव वेगळं आहे, पण बोळकं पसरून ती असं काही हसते की समोरच्याला वाटावं, हिने आपल्याला कशात तरी फसवलंय. म्हणून आजीने तिला ठकी केलं आणि आता तेच चालतं.

माझं काम घरटी बघायचं. बेटाच्या मधल्या डोंगरावर पक्ष्यांचं केंद्र आहे, म्हणजे दोन खोल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि गळकं छप्पर. डॉक्टरीणबाई तिथल्या प्रमुख; गुराढोरांची डॉक्टरकी सोडून पक्ष्यांच्या मागे लागलेल्या. आम्ही सांभाळतो तो पक्षी मुठीत मावेल एवढा, मातकट रंगाचा, चारचौघांत लक्षही जाणार नाही असा. पण गळा उघडला की माणूस हातातलं काम ठेवतो. बेटावर सगळे त्याला गवई म्हणतात. गवई आधी घरटं बांधतो, चेंडूसारखं गोल, बाजूला एक दार, आणि दाराशी बसून गातो. मादी येते, आत डोकावते, पसंत पडलं तर राहते, नाहीतर जाते उडून.

सासूबाईंना हे फार पटलं. "आधी घर दाखव, मग गाणं म्हण. बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळेला उलटं झालं. तुझ्या सासऱ्यांनी गाणी ऐकवून आणलं आणि मग कळलं, घरच नाही."

हा गवई आता कमी होत चाललाय. त्याला कारण एक माशी. ती मूळची बेटावरची नव्हे. कधीतरी फळांच्या खोक्यांबरोबर बोटीतून उतरली. स्वतः ती कुणाला चावत नाही, पिकल्या फळांच्या रसावर जगते. अंडी मात्र गवयाच्या घरट्यात घालते. अळ्या बाहेर आल्या की आधी पिल्लांच्या नाकपुड्यांत शिरतात. मोठ्या झाल्या की घरट्याच्या तळाशी दडून राहतात आणि अंधार पडला की वर येऊन पिल्लांचं रक्त पितात. जिथे ही माशी पूर्वीपासून आहे तिथले पक्षी तिच्याशी कसंबसं निभावून नेतात. आमच्या गवयाच्या बापजाद्यांनी ही बया कधी पाहिलेलीच नव्हती. तो अजूनही दाराशी बसून गातो आणि आत पिल्लं वाळत जातात.

"तुमची माशी आमच्या बोटीतून आली म्हणून रोज मला टोमणे नकोत," नवरा म्हणतो. "मी तेव्हा शाळेत होतो."

घरटी बारीक फांद्यांच्या टोकांना असतात. प्रत्येकाशी पोचून औषध घालणं अशक्य. म्हणून डॉक्टरीणबाईंनी एक युक्ती काढली होती. अंडी घालण्याआधी मादी घरट्यात काहीतरी मऊ अंथरते. तर कापूस औषधात भिजवायचा, वाळवायचा आणि जाळीच्या डब्यांत भरून झाडांना टांगायचा. मादी तो आपणहून नेईल, अंथरेल, आणि अळ्या तिथल्या तिथे मरतील. पिल्लांना त्या औषधाने काही होत नाही. "आपण कुणाच्या घरात शिरायला नको," डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "घरधनीणच औषध घेऊन जाईल."

पण घरधनिणी नेत नव्हत्या. चोचीत धरायच्या, मान झटकायच्या आणि टाकून द्यायच्या. त्यांचंही बरोबर होतं. औषधाने कापसाचे घट्ट, पिवळट गोळे झाले होते आणि त्यांना रॉकेल आणि जुन्या चपला यांच्या मधला कसलातरी वास येत असे. डब्यांखाली गोळ्यांचा सडा पडायचा. डॉक्टरीणबाई तो बघून टोपी खाली ओढायच्या; आणि ती आटलेली असल्यामुळे ओढली जायची नाही.

कापसाची गोणी मी आमच्या मागच्या दाराशी ठेवत असे, कारण डब्यांच्या वाटेवर घर मधेच लागतं. एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, "हे काय गं?"

मी ठकीला पाजत होते आणि स्वतःच पेंगत होते. "पक्ष्यांचा कापूस, आई. पिल्लांच्या खाली अंथरायला."

"असला?"

"हं," मी म्हटलं आणि झोपले.

त्यानंतर आठवड्याभरात चमत्कार झाला. डबे रिकामे व्हायला लागले. मी सकाळी भरावेत आणि संध्याकाळपर्यंत जाळीला चिकटलेले चार धागे उरावेत. मी तर दोन माद्यांना एकाच झुबक्याची दोन टोकं धरून ओढाताण करताना पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला. "बघितलंस? वेळ द्यावा लागतो. सवय होते वासाची," त्या म्हणाल्या.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो वळणावरच्या घरट्याचा. डोंगराच्या उत्तरेला एक अरुंद घळ आहे आणि रस्ता वळतो तिथे एक उंच, सडपातळ झाड. त्या झाडावर त्या घळीतला शेवटचा गवई राहत होता. शेवटचा म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रत्येक घळीतल्या गवयांची चाल निराळी असते. बाप गातो, मुलगे ऐकून शिकतात; आईच्या पोटातून कुणी शिकून येत नाही. उत्तर घळीची चाल म्हणजे तीन तुटक शिट्ट्या आणि मग एक लांब, घसरत खाली येणारा सूर, जसा कुणी निसरड्या दगडावरून हसत खाली यावा. पूर्वी ती घळ या चालीने भरलेली असायची. आता एकटा हाच ती गात होता. दोन वर्षं त्याची सगळी पिल्लं माशीने नेली होती आणि त्याचंही वय झालं होतं. या वेळची पिल्लं जगली नाहीत, तर त्याच्यामागे ती चाल गाणारं कुणी उरणार नव्हतं.

त्याच्या घरट्याच्या दारातून यंदा पांढराशुभ्र कापूस डोकावत होता. मी खालून दुर्बिणीतून तो बघितला आणि रस्त्यातच बसून घेतलं. मला रडूच आलं. बाळंतपणानंतर मला कशानेही रडू येत असे, पण हे तसलं नव्हतं.

तीन पिल्लं निघाली. लांब काठीच्या टोकाला आम्ही एक छोटा कॅमेरा बांधतो आणि दारातून आत डोकावतो. पहिल्यांदा तीन तोंडं दिसली, केशरी, आभाळाएवढी उघडी. पुढच्या वेळी कॅमेरा आत घातला तेव्हा तोंडं उघडली, पण उशिरा. माना डुगडुगत होत्या. नाकपुड्यांच्या कडेला काळं सुकलेलं काहीतरी होतं आणि त्या पांढऱ्या कापसावर तांबडे ठिपके. कापूस मळका असता तर ते मला दिसलेही नसते.

डॉक्टरीणबाई माझ्याबरोबर घरी आल्या. मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी गोणीत हात घातला, मूठभर कापूस काढला आणि नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"साबण," त्या म्हणाल्या.

सासूबाई ठकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. चेहरा असा खुललेला, जसा मुलाचा पहिला नंबर आल्यावर आईचा खुलतो. "छान झालाय ना? तीन पाण्यांतून काढला. आधी गरम पाणी आणि सोडा, मग साबण, मग नुसतं पाणी. सावलीत वाळवला आणि हाताने मोकळा केला. गाठ राहिली नाही एक. प्रत्येक वेळी तू नवा आणून ठेवलास की मी काढते. म्हटलं, इवल्याशा जिवांच्या अंगाखाली तसला घाण कापूस? देणाऱ्याला तरी कळायला नको?"

ठकीने आजीच्या कानातलं धरून ओढलं.

"आजी," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. ठकीमुळे सगळं बेट त्यांना आजीच म्हणतं. "तो वास म्हणजेच औषध होतं."

त्यांनी सगळं सांगितलं. माशी, अळ्या, नाकपुड्या. आवाज चढू न देता, जसं आजाऱ्याच्या माणसांना सांगतात तसं. सासूबाई ऐकत होत्या. मधेच त्यांनी ठकीची बोटं कानातल्यातून सोडवली. आणि तेवढ्यात मी बोलले. "आई, एक शब्द विचारायचा तरी. जे दिसेल ते धुवत सुटायचं का?"

त्यांनी ठकीला माझ्याकडे दिलं आणि मोरीशी जाऊन चहाचे कप धुवायला घेतले. कप धुतलेलेच होते. अर्ध्यातच त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण पाणी बंद झालं आणि त्या तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली. "आता या एका घरट्याशी तरी हातानेच पोचायला लागेल. पिल्लं खाली आणायची, नाकं साफ करायची, घरट्यात औषध घालायचं, परत ठेवायची. दिवसाउजेडी, अळ्या तळाशी असताना. आणि आज उरकलं तर बरं, उद्यावर टाकण्यात अर्थ नाही." मग स्वतःच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "मी चढले तर मी आणि झाड दोघं एकदमच खाली येऊ."

म्हणजे मी. पूर्वी मीच चढत असे. पण ठकीनंतर शिडीला पाय लावला नव्हता आणि कंबर अजून माझं ऐकत नव्हती. नवरा त्या दिवशी पलीकडच्या किनाऱ्यावर होता.

"मी येते," मोरीकडून आवाज आला.

"आई, ठकीला कोण बघणार मग?"

"ठकीला घेऊन येते. पिल्लं खाली आणल्यावर धरणार कोण? या बाईंच्या एका हातात चिमटा, एका हातात बाटली. तू झाडावर." त्या वळल्या. डोळे लाल होते, आवाज साधा. "तीस वर्षं उकळत्या पाण्यात हात घातलेत मी. माझे तळवे कधी गार होत नाहीत. विचार तुझ्या नवऱ्याला, लहानपणी ताप आला की तो माझा हात कपाळावरून ढकलून द्यायचा."

आम्ही गाडीत शिडी बांधली आणि निघालो. ठकी टोपलीत.

शिडी झाडाच्या दुबेळक्यापर्यंत पोचत होती, पुढे फांदी. वर जाताना पायाखालची प्रत्येक पायरी मला विचारत होती, जमणार आहे का बाई तुला? गवई शेजारच्या झाडावर बसून ओरडत होता. गाणं नव्हे, नुसता कडकडाट. मादी माझ्या केसांवरून दोनदा झपकन गेली. मी कमरेची दोरी फांदीला अडकवली, पुढे सरकले आणि दारातून दोन बोटं आत घातली.

ऊब लागली. आणि माझी बोटं लागताच आतल्या तोंडांनी वर उघडायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं, आई आली. त्या क्षणी माझ्या छातीत दूध भरून आलं, सदरा ओला झाला. शरीराला काय कळतं कोण कुणाचं पोर? भूक दिसली की ते आपलं उठतं.

पिल्लांना वजन असं नव्हतंच. गळ्यातल्या कापडी पिशवीत एक, दोन ठेवली. तिसरं हाताला गार लागलं. तेही ठेवलं.

खाली सासूबाई दगडावर बसल्या होत्या, पदराची घडी मांडीवर, तळवे जोडून ओंजळ केलेली. मी पिल्लं त्यात ठेवली. हात सोड्याने भेगाळलेले, खरखरीत, पण पिल्लं त्यात अशी रुतली जणू तिथलीच होती. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या, टोपी काढून बाजूला ठेवली, चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला आणि चिमट्याने पहिल्या पिल्लाच्या नाकपुडीतून एक अळी ओढून काढली. तांदळाच्या कणीएवढी, आत लाल. मग दुसरी. बाटलीत पडल्यावर त्या वळवळत राहिल्या.

सासूबाई बाटलीकडे बघत होत्या. "हिचीही पोरंच की ही," त्या म्हणाल्या. "त्या माशीची."

"हो ना," डॉक्टरीणबाई चिमटा पुसत म्हणाल्या. "म्हणून तर धड रागही धरता येत नाही. तिने जागा बरी बघितली, एवढंच. मऊ, उबदार, आयतं खाणं. कुठलीही आई हेच बघेल."

"पण दुसरीच्या घरात."

"दुसरीच्या घरात."

तिसऱ्या पिल्लाला त्यांनी हात लावला आणि थांबल्या. "आजी, हे राहू द्या. हे गेलंय."

"जरा धरते," सासूबाई म्हणाल्या.

"आजी."

"तुम्ही ती दोघं बघा ना. हे माझ्याजवळ असू द्या. कधीकधी ऊब उशिरा लागते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागल्या. मग बऱ्याच वेळाने, मान वर न करता म्हणाल्या, "गेल्या वर्षी कापूस नव्हताच, आजी. तेव्हाही गेली होती. सगळी."

"तेव्हा मी नव्हते ना," सासूबाई म्हणाल्या.

मी परत वर गेले. ओला, डागाळलेला कापूस काढून पिशवीत भरला. पिचकारीने घरट्याच्या तळात औषध सोडलं. तळातून पांढऱ्या जाड अळ्या भराभरा वर यायला लागल्या. केंद्रात शिल्लक होता तो जुना, औषधाचा, पिवळा कापूस आत बसवला. मग दोन पिल्लं परत नेऊन ठेवली. मी तिसरं मागितलं नाही. सासूबाईंची उजवी मूठ अजून मिटलेली होती.

शिडी काढून आम्ही रस्त्यापलीकडच्या झुडपांमागे जाऊन बसलो. आता सगळं मादीवर होतं. ती आली नाही, तर आमच्या चिमट्यांचा आणि पिचकाऱ्यांचा काय उपयोग? ती फांदीवर येई, दाराकडे बघे, उडून जाई. टोपलीत ठकी कुरकुरायला लागली. मी तिला तिथेच मातीत मांडी घालून पाजायला घेतलं, ती चुटुचुटु पिऊ लागली, आणि त्या शांततेत तेवढाच काय तो आवाज. सावली रस्ता ओलांडून आमच्यापर्यंत आली.

मादी दारात उतरली. आत गेली. मग शेपटीच्या बाजूने मागे मागे बाहेर आली. चोचीत पिवळा कापूस. मान झटकली आणि टाकला खाली.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"वास आवडला नाही तिला," सासूबाई पुटपुटल्या. "मला ठाऊक होतं. माझ्यासारखीच आहे मेली."

मादी परत आत गेली. आम्ही दुसरा झुबका पडायची वाट बघत राहिलो. पडला नाही. बऱ्याच वेळाने गवई चोचीत किडा घेऊन आला, दारातून आत डोकं घातलं, आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. मग त्याने फांदीवर बसून चोच पुसली. एकदा या बाजूने, एकदा त्या.

परतताना सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला उतरल्या, हातानेच माती उकरली, मूठ उघडली, आणि मूठभर धुतलेला कापूस खाली घालून त्यावर ते तिसरं पिल्लू ठेवलं. कापूस कधी बरोबर घेतला होता कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी नवरा आला तेव्हा त्यांची बॅग दाराशी भरलेली होती. "उद्याच्या बोटीने जाते मी," त्यांनी सांगितलं. "तुमच्या कामात लुडबुड नको. ठकीसाठी कुणीतरी बाई बघा."

नवऱ्याने बूट काढले, बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "उद्या इंजिन बंद राहणार आहे," तो म्हणाला.

"तुला आजच कसं कळलं?"

"अनुभव."

"आणि परवा?"

"परवाचंही काही खरं नाही, आई. मोठं काम आहे."

त्यांनी बॅग आत नेली. उघडली नाही. बोलायचं ते मी आधीच वाकडं बोलून बसले होते. म्हणून मी दुर्बिणीचा पट्टा काढला, मागच्या दारी मातीत चांगला लोळवला आणि त्यांच्या खुर्चीवर ठेवून दिला.

पट्टा तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, त्यानंतरही. सासूबाई खुर्चीवर न बसता स्टुलावर बसत. दोरीवर ठकीचे कपडे आणि आमचे, बस्स. नवऱ्याचे हातमोजे काळेकुट्ट होऊन कोपऱ्यात कडक झाले. डॉक्टरीणबाई एकदा मुद्दाम टोपी विसरून गेल्या. दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत मिळाली. न धुतलेल्या वस्तूंचं घर मला कधी इतकं टोचलं नव्हतं.

रोज मी वळणावरून आले की त्या काही विचारत नसत, फक्त ठकीला माझ्याकडे देताना हात जरा जास्त वेळ तसेच राहत. मग मीच सांगायची. आज तोंडं लवकर उघडली. आज पिसांच्या काड्या फुटल्यात. नाकपुड्या स्वच्छ आहेत, एकाची मात्र भोकं मोठी झालीत, ती आता तशीच राहणार. आज एक दारात येऊन बसलं होतं आणि बापाने किडा दिला तर घेऊन सरळ आत पळालं.

"भित्रं आहे," सासूबाई म्हणाल्या. तेवढंच. पण म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी एकदा स्वयंपाकघरात बसून, फार महत्त्वाचं नसल्यासारखं, विषय काढला. "आजी, तुम्ही धुतलेला कापूस त्यांनी नेला हे खरं. आधी धुऊन, मोकळा करून, मग मी हलकंसं औषध फवारलं तर? नेतील की नाही माहीत नाही. एका मोसमावरून काही ठरत नाही. पण करून बघता येईल."

"मी त्याला हात लावणार नाही," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

पिल्लं उडाली त्या दिवशी मी घरी पळतच आले. "चला," मी म्हटलं. कुठे ते त्यांनी विचारलं नाही. ठकीला मी पोटाशी बांधलं.

घरटं रिकामं होतं. खालच्या झुडपांत दोन मातकट गोळे बसले होते, शेपट्या आखूड, चेहऱ्यावर अजून बाळपणाचा रुसवा. बाप वरच्या फांदीवर आपली चाल गात होता. तीन तुटक शिट्ट्या आणि तो घसरता सूर. पुन्हा, पुन्हा, शाळेतल्या मास्तरसारखा.

त्यानंतर आम्ही रोज जाऊ लागलो. बरेच दिवस पिल्लं नुसती किडे मागत फिरली, मग आपले आपण धरू लागली. आणि एका दुपारी झुडपातून काहीतरी आलं. गाणं म्हणता येणार नाही त्याला. कुणी झोपेत पुटपुटावं तसं. एक शिट्टी, मग नुसती हवा, मग अर्धी शिट्टी, आणि शेवटी घसरायला निघालेला सूर मधेच अडकलेला.

"नर आहे," मी कुजबुजले. "माद्या गात नाहीत. शिकतोय तो."

"फुस्स फुस्स काय होतंय मधे?"

"नाकपुड्या, आई. भोकं मोठी झाली ना त्याची. हवा निसटते. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्याच्या गाण्यात ती आता कायमच राहील. माद्यांना कदाचित ते आवडणारही नाही."

सासूबाई ऐकत राहिल्या. पिल्लाने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकलं. माझ्या पोटाशी बांधलेली ठकी त्या आवाजाच्या दिशेला वळली आणि तिने आपलं ते नेहमीचं सुरू केलं, बबबब, मममम, लाळेचे फुगे काढत. झुडूप गप्प झालं. मग उत्तर दिल्यासारखी पुन्हा एक शिट्टी.

"आता हिलाही धड बोलता कुठे येतं?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणून काय कुणी तिला गप्प बसवतं? गाऊ दे त्याला फुस्स फुस्स. घरटं नीट बांधलं तर येईल कुणीतरी. घर बघूनच येतात ना त्या?"

"हो. घर बघूनच."

"मग झालं तर."

घरी आल्यावर मी ठकीला निजवलं आणि तिच्याशेजारी मलाही डोळा लागला. उठले तेव्हा मागच्या दारातून पाण्याचा आवाज येत होता. दोरीवर नवऱ्याचे हातमोजे होते, त्यांच्या पलीकडे दुर्बिणीचा पट्टा. सासूबाई बादलीशी बसून काहीतरी पिळत होत्या.

"ती कापसाची गोणी कुठे नेऊन ठेवलीस?" त्या मागे न बघताच म्हणाल्या. "आणून टाक इथे. मी धुऊन देईन. वास घालायचं तुमचं तुम्ही बघा."